फोनमागे एक नारळ

मी गाडी चालवायला शिकले ती चाळिशी उलटल्यावर, आणि शिकले ती रागाने.

आमोण्याला माझे बाबा एकटे होते. आई गेल्यावर त्यांनी घर सोडायला नकार दिला, शेत सोडायला नकार दिला, आणि हरमलला माझ्याकडे येऊन राहण्याचा विषय काढला की ते गुरांना पाणी दाखवायला म्हणून उठून जात. गुरं केव्हाच विकून झाली होती. तेव्हा जायचं ते मीच. हरमलहून आमोण्याला बसने जायचं म्हणजे पेडण्याला उतरा, म्हापशाला उतरा, डिचोलीला उतरा, आणि प्रत्येक ठिकाणी पुढची बस नुकतीच सुटलेली. नवऱ्याला म्हणावं, गाडीने सोड, तर रविवारी आमच्या भाड्याने द्यायच्या खोल्यांत पाहुण्यांची ये-जा. "तू आधी सांगत जा गो," असं तो दर वेळी म्हणायचा. जणू रविवार न सांगता येत होता.

एका रविवारी मी आमोण्याला पोचले तेव्हा दुपार कलली होती. बाबा पान मांडून बसले होते आणि भात निवून गोळा झाला होता. "तू येतली म्हणून रावलों," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी थेट म्हापशाला जाऊन गाडी शिकवणाऱ्याकडे नाव घातलं. मी प्राथमिक शाळेत शिकवते. चाळीस मुलं एका वेळी सांभाळणाऱ्या बाईला चार चाकं काय जड आहेत, असं मला वाटत होतं. जड होती. पण जमली.

मग एक जुनी लाल गाडी घेतली आणि माझे रविवार सुरू झाले. सकाळी समुद्राच्या मासळीचं हुमण डब्यात भरायचं, डबा पायाशी नीट टेकवून ठेवायचा, आणि पेडणे, धारगळ, कोलवाळचा पूल, म्हापसा, अस्नोडा, डिचोली करत जेवणाच्या वेळेआधी आमोण्याला. बाबा दारात उभे असायचे. त्यांचा आवाज पहिला अर्धा तास घोगरा यायचा. सुरुवातीला मला वाटलं सर्दी. नंतर लक्षात आलं की आठवडाभर ते कुणाशी बोललेलेच नसत. मी एक फोन घेऊन दिला होता, साधा, बटणांचा. तो कपाटावर बंद करून ठेवलेला असायचा. कशाला चालू ठेवू, बोलायला कोण आहे, असं ते विचारायचे. दुपारी जेवून, शेतावर एक चक्कर मारून मी निघेपर्यंत आवाज मोकळा झालेला असायचा. त्या आवाजासाठी मी जात होते, असं म्हटलं तरी चालेल.

हे सगळं छान चाललं असतं, पण माझ्याकडेही फोन होता, आणि हरमलला माझ्या सासूबाई होत्या.

सासूबाईंना एक प्रश्न येत असे: "खंय पावलंस गो?" कुठे पोचलीस. मी फाटकातून बाहेर पडून देवळाच्या वळणावर येते न येते तो पहिला फोन. पेडण्याला दुसरा. मग धारगळ. मग पूल. त्यांना रस्ता पाठ होता, कारण त्या स्वतः कधी फारशा फिरल्या नव्हत्या. बसच्या पाटीवरून त्यांनी गावं ओवून ठेवली होती. मी सुरुवातीला फोन घेत असे. एक हात चाकावर, एक हात कानाशी, मान वाकडी. "पेडणें, आई." "बरां. सांबाळून चलय." आता सांभाळून चालवायचं तर दोन हात लागतात, आणि त्यातला एक तुम्ही अडकवून ठेवलात, हे त्यांना कसं सांगणार? आणि त्या मायेने विचारत होत्या. कुणी भांडायला फोन केला तर कापता येतो. मायेने केलेला कापला की आपणच वाईट ठरतो.

आमच्याकडे घरात बोलणं कोकणी, लिहिणं मराठी आणि भांडण दोन्हींत. त्यामुळे मी शाळेच्या मराठीत त्यांना एकदा रीतसर समजावलं, की आई, वाहन चालवताना लक्ष विचलित होतं. त्या म्हणाल्या, "मगे तू फोनाकडे लक्ष दिव नको. फकत बोल." नवऱ्याकडे पाहिलं तर तो चादरी मोजत होता.

मग अस्नोडा सोडल्यावरची ती गोष्ट घडली. डिचोलीच्या बाजूला तेव्हा खनिजाचे ट्रक धावत. रविवारी जरा कमी असायचे, पण असायचे. रस्ता लाल, झाडं लाल, कडेचा बसथांबाही लाल. सासूबाईंचा फोन आला आणि मी "अस्नोडा झालं" म्हणत होते. त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हटलं, "अस्नोडा," आणि वर बघते तो समोर ट्रकचं मागचं फळकूट, इतकं जवळ की त्यावर चिकटलेली ओली माती दिसली. ब्रेक कसा दाबला मला माहीत नाही. डबा उलटला आणि हुमण पायांवरून वाहू लागलं. फोन सीटखाली गेला आणि तिथून आवाज येत राहिला, "खंय? खंय म्हणतंस?" ट्रकचा चालक खाली उतरला, माझ्या गाडीभोवती फिरला, आमच्या दोघांच्या मध्ये एक वीतभर अंतर उरलं होतं ते त्याने वाकून बघितलं आणि काही न बोलता परत चढला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी बाबांनी लोणच्याशी भात खाल्ला. मी त्यांना सांगितलं, वळणावर डबा कलंडला. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि नारळाच्या शेंडीने गाडी धुऊन दिली. परत येताना मी फोन बॅगेत घातला, बॅग मागच्या सीटवर टाकली आणि ठरवलं की गाडी चालू असताना फोन घ्यायचा नाही. कुणाचाही. पोचल्यावर मीच करीन. घरी आल्यावर ट्रकाचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गाडीच बंद झाली असती. नुसता नियम सांगितला.

सासूबाई म्हणाल्या, "बरां." मला वाटलं, जिंकले.

पुढच्या रविवारी पेडण्याच्या बाजारातून जात होते, तर सासूबाईंची भाची, जिचं तिथे फुलांचं दुकान आहे, ती रस्त्याच्या कडेला येऊन दोन्ही हात हलवत होती. मी घाबरून गाडी थांबवली. "काय झालं?" "काय नाय. मावशेन सांगलां, तू गेलंस काय बघ म्हणून. तुझो फोन कोण घेयना नाय." मग तिने माझ्यादेखत फोन लावला: "गेली गो मावशे. व्हय, एकटीच. अबोलीचो वळेसर दिलंय." गजरा घेऊन मी निघाले. त्यानंतर दर रविवारी ती बया तिथे उभी. एकदा दुसऱ्या गिऱ्हाइकाला गजरा देता देता तिने मला बघून हात केला आणि तो बिचारा पैसे द्यायचे सोडून माझ्याकडेच बघत राहिला. फोन उचलायचा नाही म्हणून मी रस्त्याकडे बघत होते, आणि रस्ताच माझ्याकडे बघत होता.

पण पेडण्याच्या पुढे सासूबाईंची माणसं नव्हती. तिथून पुढचं सगळं त्यांनी राखणदारावर सोपवलं.

राखणदार म्हणजे गावाची वेस सांभाळणारा. तो दिसत नाही, पण असतो. त्याला नारळ लागतो, जाड भाकरीचा रोट लागतो, आणि दिलेला शब्द पाळलेला लागतो. सासूबाई फोन लावायच्या, तो वाजून वाजून बंद व्हायचा, आणि त्या तिथेच मिरच्या वाळत घालता घालता हात जोडायच्या: बा राखणदारा, ती बरी आसूं दी, तुका नारळ दितंय. म्हणजे न घेतलेल्या दर फोनमागे एक नारळ. आणि आमच्याकडची रीत अशी, की ज्याच्यासाठी नारळ बोलला त्यानेच तो हाताने ठेवायचा. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एकदा नवरा जेवताना सहज म्हणाला, "तुझे नारळ बरेच झाले गो." मी म्हटलं, कसले नारळ? तेव्हा मला कळलं की मी शांतपणे गाडी चालवत असताना माझ्या नावावर एक बागायत उभी राहत होती.

मी हसले. खरं तर रागावलेही होते, पण आधी हसले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "तू फोन उचल, मियां नारळ बोलूंचंय नाय," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नारळ ठेवीन, फोन उचलणार नाही. नवऱ्याने कानात घालायची ती बोंडं आणून दिली, म्हणजे हात मोकळे राहतील. मी म्हटलं, हात मोकळे राहतील, डोकं कुठे राहील? त्याने ती बोंडं स्वतःच्या कानात घातली आणि बहुधा त्यामुळेच पुढचे काही आठवडे त्याला आम्हा दोघींचं काही ऐकू आलं नाही.

आणि मग कोलवाळच्या पुलावर दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या.

मी त्यात नव्हते. मी बरीच मागे, रांगेत अडकले होते. गाडी हातभर सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. फोन मागच्या सीटवर बॅगेत. वाजत असेल, मला ऐकू येत नव्हतं. काचा बंद आणि बाहेर भोंगे. पूल सुटल्यावर मला उशीर झाला होता, बाबा पान मांडून बसले असतील या घाईत मी कुठे न थांबता आमोणं गाठलं. इकडे भाचीला कुणा बसवाल्याने सांगितलं होतं की पुलावर मोठा अपघात झाला, गाडी लाल रंगाची. तिने मावशीला सांगितलं. मावशीने मला फोन लावला. मी घेतला नाही.

आमोण्याला उतरून मी बॅग उघडली आणि फोनच्या पडद्यावर बघितलं तर घरून आलेल्या फोनांची रांग लागली होती. लगेच घरी लावला. सासूबाईंनी उचलला, माझा आवाज ऐकला, आणि फोन ठेवून दिला. नवरा मोटरसायकल घेऊन पुलाकडे धावला होता. तो तिथली चेपलेली लाल गाडी बघून, आतली माणसं दुसरीच आहेत आणि बरी आहेत हे बघून, रस्त्याच्या कडेला बसून राहिला होता, हे त्याने मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

संध्याकाळी मी घरी आले. सासूबाई सकाळपासून जेवल्या नव्हत्या. त्यांनी हात पुढे केला. मी चावी दिली. त्यांनी ती मिरच्यांच्या डब्यात घातली आणि झाकण लावलं.

"आता बसान जा," म्हणाल्या.

मला भांडता आलं असतं. गाडी माझ्या पगारातली होती. पण उपाशी बसलेल्या बाईशी कसं भांडायचं? शिवाय दोघींचं म्हणणं बरोबर होतं, हाच तर घोळ होता. मी फोन घेतला असता तर एक दिवस खरंच पुलावर मी असते. घेतला नाही, तर त्या इथे बसून दर रविवारी एकदा मरायच्या. मधली वाट मला दिसत नव्हती. पुढचा रविवार आला आणि मी बसने गेले. चार बसेस, आणि बाबांचा भात पुन्हा निवलेला. त्यापुढच्या रविवारी बसच चुकली आणि मी गेलेच नाही. बाबांचा फोन बंद, त्यामुळे येत नाही हे सांगायचीही सोय नव्हती. दिवसभर मला त्यांचं मांडून ठेवलेलं पान दिसत राहिलं. शेवटी मी सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, चावी कधी मिळेल?

"आदी नारळ फेड," त्या म्हणाल्या. "देवाचां रवलां म्हणान हें जालां. मगे बघूंया."

हे मला मान्य होतं. देवाशी माझं भांडण नव्हतं.

नारळ ठेवायचा म्हणजे गाऱ्हाणं घालायला माणूस लागतो. आमच्या घरचं गाऱ्हाणं सासूबाईंचे थोरले दीर घालत. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचे आणि गुडघ्यांमुळे चालत येणं त्यांना जमत नसे, म्हणून त्यांना आणायला त्या दिवसापुरती चावी मला मिळाली. मिरचीची भुकटी लागलेली. डोळ्यांना हात लागू नये म्हणून मी ती पदराला पुसली आणि निघाले.

ते शेजारच्या सीटवर बसले, काठी पायांत धरून. दोन मिनिटं होतात न होतात तोच त्यांच्या मागून, सीटवरच्या बॅगेतून, फोन वाजू लागला. ते दचकले. "कोणाचो गो?"

"आईंचा. तुम्ही मिळालात की नाही, ते विचारत असतील."

"मगे घे."

"गाडी चालवताना घेत नाही, काका."

फोन वाजून थांबला. परत वाजला. समोरून पोदेर आपली पावांची टोपली लादलेली सायकल घेऊन आला, आणि त्याला जागा देता देता मी त्यांना ट्रकाचं सांगितलं. कुणालाही सांगितलं नव्हतं ते. वीतभर अंतर, सीटखालचा आवाज, हुमण, सगळं. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा काकांनी मान वळवून बॅगेकडे नुसतं बघितलं, वर्गात बडबडणाऱ्या मुलाकडे मी बघते तसं.

आता गाऱ्हाण्याची एक गोष्ट आहे. घालणारा एक वाक्य म्हणतो आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. लहानपणापासून इतक्या वेळा म्हटलेलं असतं, की पुढे काय आलं ते कानावर पडायच्या आत व्हय तोंडातून गेलेलं असतं. वाक्य संपताना घालणाऱ्याचा सूर खाली येतो, तो आला की म्हणायचं. अर्थाकडे कोण बघतो? आणि दुसरी गोष्ट, देवाला अर्धवट सांगून चालत नाही. कोण, कुठला, कशासाठी, सगळं उघड करायचं.

वेशीवर आम्ही चौघं उभे राहिलो. नारळांची रास मांडली. दर नारळामागचा फोन आठवून मला पुन्हा हसू येऊ लागलं, ते मी दाबलं. काकांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला.

"बा राखणदारा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायांकडे नारळ घेवन उबी रवली आसत."

"व्हय म्हाराजा."

"ह्या घरची सून गाडी चलयता. आपल्या बापाशीक जेवण घेवन आमोण्याक जाता. वाटेर तिचो फोन वाजता आणि ती तो घेयना नाय, म्हणान तिच्या सासयेन काळजेन तुका नारळ बोलले. ते आज भरून पावले."

"व्हय म्हाराजा."

"उणां-अदिक आसात तां पोटात घाल. तिच्या गाडयेच्या चार चाकांक राखण दी. आडवो ढोर, आडवो ट्रक, बाजूक कर."

"व्हय म्हाराजा."

"ती गाडयेर आसताना तिची नदर वाटेरच रवांदी."

"व्हय म्हाराजा."

"आणि ती वाटेर आसताना ह्या घरातल्या कोणाक तिका फोन करूची बुद्दी होव नको."

"व्हय म्हाराजा," सासूबाई म्हणाल्या. सगळ्यांत मोठ्याने.

काका पुढे गेले. गावाची गुरंढोरं, येणारा-जाणारा, पाहुणा-रावळा सगळ्यांचं बरं मागितलं. पण पुढच्या वाक्यांना आमच्यातून एक आवाज कमी झाला होता. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं तर सासूबाई हात जोडून तशाच उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ, काहीतरी मागे फिरवून बघावं तसे, हलत होते. नवरा खाली वाकून चप्पल नीट करू लागला. तो पाच मिनिटं चप्पलच नीट करत होता.

नारळ फुटले. सासूबाई काकांपाशी गेल्या. "भावजी, तां तुमी कित्याक घातलात?"

"कितां?"

"तां फोनाचां."

"मियां फकत सांगलंय," काका टॉवेल झटकत म्हणाले. "व्हय तू म्हटलंस."

राखणदारासमोर म्हटलेलं व्हय परत घेता येत नाही. हे सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, अगदी खोटं कशाला बोलू. मनात मी काकांच्या पाया पडले.

शनिवारी संध्याकाळी त्या माझ्याजवळ आल्या आणि चावी ओट्यावर ठेवली. मग तिथेच उभ्या राहिल्या. माझे सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते, रस्त्यावर गेले एवढंच मला माहीत होतं. त्याबद्दल त्या घरात कुणी बोलत नसे. त्या दिवशी त्या आपणहून बोलल्या.

"हे म्हापशाक बाजाराक गेल्ले. येवचो येळ टळलो. तेन्ना खंय फोन? दारात उबी रवान येणाऱ्या-जाणाऱ्याक विचारलंय, बघितलास, बघितलास. कोणाक खबर नाय. मगे उचलून हाडलेच." चावीकडे बघत त्या म्हणाल्या, "आता फोन आसा, तर विचारूचां नाय."

इतकी वर्षं ज्या प्रश्नाला मी कटकट म्हणत आले होते, तो त्यांनी तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला विचारला होता, आणि त्याचं उत्तर मिळालं नव्हतं. मी चावी त्यांच्यापुढे सरकवली. खरंच सरकवली. म्हटलं, आई, तुम्हाला इतका त्रास होत असेल तर मी बसने जाईन. त्यांनी ती माझ्याकडे परत ढकलली.

"तुझो बापूय थंय पान मांडून बसता," म्हणाल्या. "जा."

रविवारी सकाळी त्यांनी डबा भरून दिला, वर वाळलेल्या मिरच्यांची एक पुरचुंडी. हरमलच्या रेतीत पिकलेल्या मिरच्या, नातं नसलेल्या माणसाला त्या सहसा देत नसत. फाटकापर्यंत आल्या. मी निघाले. देवळाच्या वळणावर फोन वाजला नाही. पेडण्याला भाची आपल्या दुकानात मान खाली घालून फुलं ओवत होती. तिलाही ताकीद गेली असावी. धारगळ गेलं, पूल गेला. मला वाटलं होतं, या शांततेत गाडी लोण्यासारखी चालवीन. पण माझं लक्ष सारखं मागे, बॅगेकडे. वाजत कसा नाही? त्यांना काही झालं तर नसेल? आता कळतंय का कसं वाटतं, असं मी मलाच विचारलं आणि अस्नोड्यापासून पुढे दात ओठ खाऊन फक्त रस्त्याकडे बघितलं. डिचोलीच्या अलीकडे एक ट्रक पुढे होता. त्याच्यामागे मी भरपूर अंतर ठेवून, त्याच्या वेगाने, सावकाश गेले.

आमोण्याच्या वळणावर बाबा दारात उभे दिसले. नेहमीसारखेच, फक्त एक हात कानाशी होता. मला वाटलं कान दुखतो. जवळ गेले तर कानाला फोन.

"दिसली," ते फोनमध्ये सांगत होते. आवाज ठणठणीत. "वळणार आसा. हां, सवकास येता. पावली. ना, ना, बरी आसा. गाडयेंतल्यान देंवता आतां. डबो दोनूय हातांनी धरला."

मी डबा दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. आमच्या लग्नात एकमेकांना नमस्कार केल्यानंतर या दोघांनी एकमेकांशी थेट बोलल्याचं मला आठवत नव्हतं. विहिणीचा निरोप माझ्यामार्फत जायचा, व्याह्याचा माझ्यामार्फत यायचा. वाटेवर असलेल्या सुनेला फोन करायचा नाही, असं व्हय झालं होतं. आमोण्याला करायचा नाही, असं राखणदाराला कुणी सांगितलं नव्हतं. नंतर नवऱ्याने मला सांगितलं, की गाऱ्हाणं झालं त्याच दिवशी आईने त्याच्याकडून बाबांचा नंबर घेतला होता, आणि तो बंद असतो म्हटल्यावर आमोण्याच्या एका दुकानदाराकरवी निरोप पाठवून कपाटावरचा फोन चालू करवला होता. मी फाटकातून बाहेर पडल्या पडल्या त्यांनी तो लावला होता. म्हणजे मी पेडण्याला, पुलावर, म्हापशाला जीव टांगणीला लावून गाडी चालवत होते तेव्हा ही दोघं बोलत होती.

"बाबा, जेवण निवेल," मी म्हटलं.

त्यांनी तळहात पुढे करून मला थांबवलं आणि ते पायरीवर बसले. "हां, विहीणबाय, सांगात. ती पावली, आतां तिची काळजी ना. तुमी म्हणटाल्यात, मिरची रेंवेंत लायता म्हणून. मगे उदक कशें दितात?"

मी आत गेले, चूल पेटवून हुमण परत गरम केलं, दोन पानं मांडली, आणि बाबांची वाट बघत बसले.